फोटोपुढची फुली

त्या फॉर्मवर फुली मारली ती नीलिमानेच, दुसऱ्या कुणी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे शिव्या कुणाला घालायच्या हा प्रश्न उरत नाही. रुफारोची आई समोर बसली होती. धाकटं पोर मांडीवर इतकं चुळबुळत होतं की तिला पेन धरवेना, म्हणून नीलिमा म्हणाली, "द्या इकडे, मी भरते." नाव भरलं. वय, अकरा. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? नाही. मुलीचा फोटो काढलेला चालेल का? तिथे ती बाई एकदम पुढे वाकली, चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "नाही. फोटो कधीच नाही." नीलिमाने फुली मारली. बाईचं बोट काही हलेना, म्हणून तीच फुली पुन्हा एकदा ठळक गिरवली.

का नाही, ते बाईने त्या दिवशी सांगितलं नाही आणि नीलिमानेही विचारलं नाही. पुढे ओळख वाढल्यावर कधीतरी कळलं. नवऱ्याचा मार चुकवून बाई दोन लेकरांना घेऊन झिंबाब्वेतून निघाली होती. त्या नवऱ्याचा भाऊ इंग्लंडमध्ये होता आणि 'जिथे असाल तिथे येऊन पोरं घेऊन जाईन' असा त्याचा निरोप एकदा येऊन गेला होता. आयर्लंडच्या पार पश्चिमेला, कासलबारसारख्या गावात आपण आहोत हे त्याला कळता कामा नये, एवढंच बाईचं मागणं होतं.

आता नीलिमा तिथे काय करत होती ते सांगते. तिचा नवरा गुरुनाथ कासलबारच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. ती पुण्यात चौदा वर्षं गणित शिकवून आलेली, पण इथे शाळेत शिकवायचं तर नोंदणी हवी, नोंदणीला कागद हवेत, त्या कागदांना आणखी कागद. तीन वर्षं तिची फाइल कुठेतरी फिरत होती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा ती लायब्ररीमागच्या हॉलमध्ये जायला लागली. तिथे एक सेवाभावी संस्था मंगळवारी आणि गुरुवारी मुलांचा अभ्यास घ्यायची. मुलं बहुतेक गावाबाहेरच्या बंद पडलेल्या हॉटेलात राहणारी, आश्रय मागायला आलेल्या कुटुंबांची. एका कुटुंबाला एक खोली. सरकारचं पत्र आलं की बॅगा भरायच्या आणि बस नेईल त्या गावाला जायचं. हा अभ्यासाचा क्लब चालवायची नोरीन नावाची साठीची बाई. तिला सगळं 'ग्रँड', म्हणजे झकास. छतातून पाणी गळायला लागलं तरी खाली बादली ठेवून म्हणायची, ग्रँड.

रुफारो आली तेव्हा बोलायचीच नाही. मुकी नव्हती. कोट न काढता बसायची आणि वहीत चौकोन काढत राहायची. नोरीन म्हणाली, "तीन वर्षांत चार शाळा झाल्यात तिच्या. प्रत्येक ठिकाणी जरा बोलायला लागली की उचलतात तिथून. आता तिने नादच सोडलाय बहुतेक." नीलिमाने सात आठवडे चित्रं, ठोकळे, रंगीत खडू, सगळं करून पाहिलं. ढिम्म.

मग एका गुरुवारी अपूर्णांक चालले होते. नीलिमाने वैतागून स्वतःचा डबा उघडला, त्यातली पोळी काढली आणि टेबलावर फाडली. "ही अर्धी. ही अर्धीची अर्धी, हिला आम्ही चतकोर म्हणतो. आता सांग बघू, दोन चतकोर म्हणजे किती?" रुफारोने पोळीकडे बघितलं, नीलिमाकडे बघितलं, दोन्ही तुकडे उचलून जोडले. म्हणाली, "अर्धी. खाऊ का मी?"

नीलिमाला रडूच कोसळलं. चटकन उठून ती खिडकी बंद करायला गेली. खिडकी बंदच होती.

त्या दिवसापासून ती दोन डबे आणायला लागली. एक स्वतःचा, एक छोटा स्टीलचा रुफारोचा. बाहेरचं खाणं क्लबात आणायचं नाही असा नियम होता, पण नोरीनने तेवढं पाहून न पाहिल्यासारखं केलं. रुफारो डबा हॉटेलवर घेऊन जायची आणि पुढच्या वेळी परत आणायची. पहिल्यांदा तिने रिकामा डबा दिला तेव्हा नीलिमा सहज म्हणाली, "आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत हं. काहीतरी घालून द्यायचं. चिमूटभर साखर का असेना." झालं! त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी हॉटेलच्या काउंटरवरचं चॉकलेट, कधी रस्त्यावर पडलेलं तपकिरी चकचकीत चेस्टनट, तर कधी एक चिठ्ठी: 'बाई, हे गणित सोडवून दाखवा.' नीलिमाला 'बाई' म्हणायचं हे तिने कुठून उचललं कोण जाणे, पण ऐकून नीलिमा वितळायची.

फेब्रुवारीपर्यंत पोरगी इतकी बोलायला लागली की नोरीन कानांवर हात ठेवायची. शाळेत गणितात पहिली आली. सप्टेंबरपासून गावातल्या मोठ्या शाळेत तिला जागा मिळाली, हॉटेलपासून चालत जाण्यासारखी. त्या शाळेचं पत्र रुफारोने पाचदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "म्हणजे मी सहा वर्षं एकाच शाळेत असणार?" नीलिमा म्हणाली, "एकाच." मनात म्हणाली, देवा, बाकी काही मागत नाही. ही पोर इथून हलू नये, बस.

आता अडचण आली ती लॅपटॉपची. शाळेचा सगळा अभ्यास कॉम्प्युटरवर, आणि रुफारो तो आईच्या फुटक्या फोनवर करायची, हॉटेलच्या बाथरूममध्ये दार लावून, कारण खोलीत धाकटा भाऊ झोपलेला असायचा. नीलिमाने मराठी मंडळाच्या सुभाषला विचारलं. सुभाष म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, घरून कंपनीचं काम करणारा, उत्साहाचं नुसतं कारंजं. तो म्हणाला, "वहिनी, देऊच की! पण पाडव्याच्या कार्यक्रमात देऊ. दोन मिनिटं स्टेजवर. लोक इतक्या प्रेमाने देणार, त्यांना मुलगी दिसायला नको?"

"फोटो मात्र नाही हं, सुभाष. एकही नाही."

"नाही म्हणजे नाही. माइकवर सांगतो."

तिने तिथेच पाय रोवून म्हणायला हवं होतं की मुलगी येणार नाही, लॅपटॉप माझ्या हातात द्या. पण असं म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि त्याचं कारण कराडात आहे. नीलिमा सहावीत असताना तिचे वडील गेले. आई चार घरी पोळ्या लाटायची. शाळेतल्या नंदकुमार सरांनी गरजू मुलांसाठी एक छोटी संस्था काढली होती. त्या संस्थेने तिची फी भरली, पुस्तकं दिली, थेट बी.एड. होईपर्यंत. दरवर्षी जूनमध्ये संस्थेचा कार्यक्रम व्हायचा. स्टेजवर जायचं, देणगीदाराच्या हातून वह्या घ्यायच्या, फोटोग्राफर म्हणेल तिकडे बघायचं. "मान वर! चोरी नाही केलेली आपण!" असं सर खालून ओरडायचे. लाज वाटायची का? वाटायची ना. पण ती लाज गिळूनच ती शाळेतली बाई झाली होती, आणि संस्थेच्या ऑफिसात वह्या छातीशी धरलेल्या बारा वर्षांच्या नीलिमाचा फोटो अजून होता. तेव्हा दोन मिनिटं स्टेजवर उभं राहणं म्हणजे काही आभाळ कोसळणार नाही, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

रुफारोच्या आईने दोनदा विचारलं, "फोटो नाही ना?"

"माझा शब्द आहे," नीलिमा म्हणाली.

पाडवा रविवारी आला होता. गावातला भाड्याचा हॉल, दाराशी गुढी, आत श्रीखंडाचा वास. सुभाषने माइकवरून मराठीत आणि इंग्रजीत सांगितलं, फोन खिशात ठेवा. आणि ठेवले हो लोकांनी! सत्तर मराठी माणसं समोर बसलीत आणि एकाच्याही हातात फोन नाही, हे दृश्य पुन्हा जन्मात दिसायचं नाही. रुफारो पिवळा फ्रॉक घालून स्टेजवर गेली. तिची आई शेवटच्या रांगेत, धाकट्याला मांडीवर घेऊन. रुफारोने लॅपटॉप घेतला, छातीशी धरला, मान वर केली आणि हसली. असं हसली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

नीलिमा स्टेजच्या कडेला उभी होती. तिच्या हातात फोन होता, कारण पुढच्या नाचाचं गाणं तिलाच लावायचं होतं. तिने एक फोटो काढला. एकच. अगदी स्वतःपुरता.

घरी आल्यावर तो सरांना पाठवला. खाली लिहिलं, 'सर, तुमच्यामुळे.' सर आता ऐंशी वर्षांचे, म्हातारपणामुळे घराबाहेर फारसे पडत नाहीत, म्हणून त्यांनी लगेच फोनच केला. आवाज भरून आला होता. "पोरी, आज पांग फेडलेस गं! नाव काय तिचं? गाव कोणतं तुमचं, कासलबार ना? आणि मूळची कुठली?" तिने सगळं सांगितलं, अगदी हौसेने सांगितलं. कुणाला दाखवू नका, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सुचलंच नाही. ज्या माणसाने आपल्याला उभं केलं त्याला 'हे लपवून ठेवा' म्हणायला तिची जीभ उचललीच नसती.

सोमवारी सकाळी संस्थेच्या फेसबुकवर फोटो आला. 'आमची माजी विद्यार्थिनी सौ. नीलिमा हिने आयर्लंडमधील कासलबार येथे झिंबाब्वेच्या कु. रुफारो या निर्वासित मुलीच्या शिक्षणाचा भार उचलला.' नीलिमाने ते वाचलं. आणि इथेच मला तिचा खरा संताप येतो, तिला छान वाटलं! कराडचं पान, मराठीत लिहिलेलं, कोण बघतंय इथलं, असं म्हणून ती कुकर लावायला गेली. दुपारी सुभाषने तीच पोस्ट इंग्रजी करून मंडळाच्या पानावर टाकली. त्याचं तरी काय चुकलं? फोटो वहिनींनीच काढलेला, सरांनीच टाकलेला. परवानगी घेतली असणार असं त्याने धरलं.

गुरुवारी क्लबात रुफारो आली नाही. तिची आई आली, वृद्धाश्रमातल्या कामाच्या निळ्या कपड्यांतच. तिने टेबलावर फोन ठेवला. त्यात पिवळा फ्रॉक, लॅपटॉप, हसू, खाली गावाचं नाव.

"हा तुम्ही काढला?"

"हो," नीलिमा म्हणाली.

"फॉर्मवर फुली कुणी मारली होती?"

"मीच."

बाईने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तिने खाली नावांची यादी उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. तेच बोट. "ही माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको. तिने लाइक केलंय. काल संध्याकाळी."

नीलिमाने तिथल्या तिथे सुभाषला फोन लावला. त्याने बिचाऱ्याने पाच मिनिटांत पोस्ट काढली आणि तीनदा माफी मागितली. मग सरांना.

"सर, तो फोटो काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

"काढून? अगं, सहाशे लोकांना आवडलाय! पुण्याहून एकाने विचारलंय, मलाही असं मूल द्या म्हणून."

"सर, पाया पडते तुमच्या. पोरीच्या जिवाला धोका आहे."

"धोका? फोटोने कसला गं धोका?" सर गडबडून गेले. "बरं बरं, काढतो. पण मला नाही जमत ते. नातू क्लासला गेलाय, आल्यावर सांगतो त्याला."

नातू अडीच तासांनी आला. तोवर नीलिमा हॉलच्या पायरीवर बसून राहिली, फोन मांडीवर धरून. काढलं तरी आता काय उपयोग होता म्हणा. जिने बघायचं तिने बघून घेतलं होतं. रुफारोची आई केव्हाच निघून गेली होती, आणि जाताना तिने नीलिमाकडे पाहिलंही नाही.

पुढच्या मंगळवारी नीलिमा अर्धा तास आधीच पोचली. नोरीन एकटीच खुर्च्या लावत होती. तिने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"काल सकाळी नेलं त्यांना. आईनेच अर्ज केला होता. दोन बॅगा आणि बस."

"कुठे?"

"मला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी मी तुला सांगितलं नसतं, राणी."

"काउंटी तरी? नुसता जिल्हा, नोरीन. मी जाणार नाही तिकडे. मला फक्त कळू दे."

नोरीनने मान हलवली. "शाळेला काल कळवलं मी. तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल." मग म्हणाली, "आणि तुलाही आता थांबावं लागेल. मला लिहून वर पाठवावं लागलं. तू वाईट बाई नाहीस हे मला माहीत आहे, तेही लिहिलंय. पण तो फोटोचा नियम आम्ही गंमत म्हणून नव्हता केला गं."

तिने कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. पिशवीत लॅपटॉप होता, खोक्यासकट. त्यावर मंडळाचा स्टिकर होता आणि तो कुणीतरी नखांनी खरवडून अर्धा काढला होता. शेजारी स्टीलचा छोटा डबा.

नीलिमाने काय काय नाही केलं! बाईचा फोन लावला, तो बंद. सरकारी खात्याला मेल केला, तुम्ही कुटुंबातल्या आहात का, असं दोन ओळींचं उत्तर आलं. शेवटी ती गुरुनाथच्या मागे लागली. "धाकट्याला दमा आहे. कुठल्या तरी हॉस्पिटलात नाव लागलंच असेल. तुम्हा डॉक्टरांना बघता येतं ना?"

गुरुनाथ जेवता जेवता थांबला. "मी असं नाव शोधलं तर माझी नोकरी जाईल, नीलू. आणि जायलाच हवी. ती बाई लपलीय. आता आपल्यापासूनही लपलीय. अजून नाही का कळलं तुला?"

कळलं होतं. चांगलंच कळलं होतं. रुफारोला शोधून काढणं म्हणजे तिला पुन्हा उघड्यावर आणणं. काही न करणं एवढंच तिच्या हातात उरलं होतं, आणि तेच तिला करता येत नव्हतं. दुकानात गेली तरी पिवळा फ्रॉक दिसला की थबकायची. पाचव्या शाळेत पोर कोट घालून बसली असेल, चौकोन काढत असेल, हे डोळ्यांपुढून हलायचं नाही. दोन चतकोर म्हणजे किती, हे तिला तिथे कोण विचारणार होतं?

लॅपटॉप तिने सुभाषला परत दिला. तो हळूच म्हणाला, दुसरं कुणी गरजू मूल असेल तर बघा. डबा मात्र तिने किचनच्या प्रेसमध्ये सरकवून ठेवला. कपाटाला प्रेस म्हणायची सवय तिला इथेच लागली होती. वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, आणि तो उघडायचा तिचा धीर काही होईना. त्यात काहीतरी असेल याची तिला खात्री होती. एखादी चिठ्ठी. निदान एखादं गणित. उघडला की संपलं, म्हणून दोन आठवडे तिने त्याला हात लावला नाही.

मग एका शनिवारी सकाळी सरांचा फोन आला. आवाज खणखणीत, खुशीतला.

"पोरी, ते फेसबुकवरून काढलं बरं का तेव्हाच. तुझंच खरं, त्या बाजारात कशाला आपली लेकरं? पण फोटो मी मोठा करून घेतला. चौकट केली. ऑफिसात तुझ्या फोटोशेजारी लावलाय, अगदी बरोबरीने. नवीन मुलं येतात, विचारतात, सर, ही कोण? मी सांगतो, ही आपल्या नीलिमाची विद्यार्थिनी. आपलं नाव कुठवर पोचलंय बघा म्हणतो." सरांना धाप लागली, ते थांबले. "कशी आहे गं ती? शिकतेय ना नीट?"

नीलिमाने तोंड उघडलं. सर, तो खाली उतरवा, एवढंच म्हणायचं होतं. पण ऐंशी वर्षांचा तो माणूस फोनपलीकडे श्वास रोखून उत्तराची वाट बघत होता. त्याने आयुष्यात दुसरं काही मिळवलं नव्हतं, हीच चार पोरं मिळवली होती.

"छान शिकतेय, सर," ती म्हणाली. "गणितात पहिली आली."

"वा! सुखी ठेव गं तिला," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

ती तशीच प्रेसपाशी गेली. पिठाचा डबा बाजूला केला, मागचा छोटा डबा काढला, ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. डबा स्वच्छ घासलेला होता, आतून पुसून कोरडा केलेला. रुफारोने तो रिकामा परत पाठवला होता.